दगडी राजाचं नाक

काम तसं साधंच होतं. संग्रहालयात मोडक्या मूर्ती सांधणाऱ्या बाईंना एका राजाला नाक बसवायचं होतं. राजा हजारो वर्षांपूर्वीचा, काळ्या दगडाचा, गुडघ्यांवर तळवे ठेवून ऐटीत बसलेला. बाकी धडधाकट, फक्त नाकाच्या जागी खड्डा. नव्या दालनाचं उद्घाटन तोंडावर आलेलं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, इथे तर राजाच नकटा!

"मुद्दाम फोडलंय बरं का, बाई," मोठे साहेब कौतुकाने म्हणाले. "मेलेला राजा मूर्तीच्या नाकाने श्वास घेतो, अशी त्या काळच्या लोकांची श्रद्धा. म्हणून पुढच्या राजाने गादीवर बसल्याबसल्या आधी ह्याचं नाक उडवलं. काय एकेक खुळं!"

बाई हसल्या. हसणारच, त्यांना काय माहीत? अडचण वेगळीच होती. ह्या राजाचं दुसरं चित्र नाही, मूर्ती नाही, मग नाक बेतायचं कशावरून? तेव्हा त्यांना आपला नवरा आठवला. माणूस साधा कारकून, पण नाक मात्र सम्राटाचं.

सुटीच्या दुपारी नवरा पलंगावर घोरत होता. घोरणं कसलं हो, पिठाची गिरणीच. घर्रर्र... फूऽऽ, आणि शेवटी एक बारीक शिटी. बाईंनी हळूच नाकाला तेल चोपडलं, वर ओलं प्लास्टर थापलं. पठ्ठ्या तोंडाने घोरत राहिला! साचा निघाला, नाक ओतलं, काळा रंग दिला आणि उद्घाटनाच्या आदल्या दिवशी राजाच्या चेहऱ्यावर असं बेमालूम बसवलं की साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी, पाहुणे यायच्या जरा आधी, पहारेकरी काका बाईंकडे आले. चेहरा उतरलेला.

"ताई, दालनात कुणी झोपलंय का?"

"कोण झोपणार? कुलूप आहे ना?"

"आहे. पण कुणीतरी... घोरतंय."

दालनात पडदे ओढलेले होते. भर दिवसा मिट्ट काळोख. ओल्या दगडाचा, खवट तेलाचा वास. बाई दारातच थबकल्या.

घर्रर्र... फूऽऽ... आणि शिटी.

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोला नवऱ्याचं घोरणं ओळखू येणार नाही? बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्यांनी हात राजाच्या नाकापुढे धरला. हवा कोमट होती.

तेवढ्यात फोन वाजला. घरून नवरा बोलत होता. "अगं... श्वास पुरत नाही गं. सर्दी नाही... घसा मोकळा आहे. पण घेतलेला वारा कुणीतरी... ओढून नेतंय..."

इकडे राजाने घर्रर्र केलं, की तिकडे फोनवर नवरा तडफडे. बाईंना दुसरा पुरावा नको होता. त्यांनी हातोडी उचलली.

"बाई! ठेवा ती!" साहेब धावत आले. "पाहुणे फाटकाशी आलेत! नोकरी जाईल तुमची!"

"जाऊ दे! नवरा एकच आहे मला, आणि तोही जेमतेम!"

खाडकन घाव बसला. नाक फरशीवर पडून त्याचे तुकडे झाले. तिकडे फोनवर, बुडता माणूस वर यावा तसा नवऱ्याने श्वास ओढला आणि तो म्हणाला, "हुश्श... बरं वाटलं गं. जरा पडतो."

बाई तिथेच राजाच्या पायाशी बसून ढसाढसा रडल्या. मग साहेबांचा आरडाओरडा मागे टाकून त्यांनी घर गाठलं.

नवरा पलंगावर गाढ झोपला होता. उशाशी ताटलीत कच्च्या कांद्याच्या फोडी उरलेल्या. घर्रर्र... एरवी ह्या आवाजाने बाईंचा जीव नकोसा व्हायचा, आज त्यांना तो गाण्याहून गोड वाटला. "घोरा हो, हवं तेवढं घोरा," म्हणत त्या शेजारी टेकल्या आणि पुढच्या 'फूऽऽ'ची वाट बघू लागल्या.

ती आली नाही.

छाती वर गेली, खाली आली. पुन्हा घर्रर्र. पुन्हा खाली. बाईंनी नाकापुढे हात धरला, मग तोंडापुढे. काही नाही. आरसा आणून धरला, त्यावर वाफेचा ठिपकाही उमटेना. वारा आत जात होता. बाहेर येत नव्हता.

फोन वाजला. पहारेकरी काका कुजबुजत होते.

"ताई... नाक तर फुटलं. पण त्या खड्ड्यातून वारा येतोय. थांबून थांबून. नुसता बाहेरच येतोय, आत काही जात नाही... आणि ताई, त्याला कांद्याचा वास येतोय."

बाई नवऱ्याच्या छातीकडे बघत राहिल्या. ती भरली, क्षणभर थांबली आणि हळूहळू खाली गेली.

"हा बघा," काका म्हणाले, "आत्ता आला."