सज्ज्याची पुसलेली ओळ

"उद्या चौकशी आहे. तुम्ही काही केलं नाहीत तर मी आत जाणार," ती दारातूनच म्हणाली.

पोरगी इंजिनिअर होती. एका दवाखान्याच्या इमारतीची तपासणी करून तिने अहवाल लिहिला होता. नंतर त्या इमारतीचा सज्जा कोसळला आणि खाली बसलेला रखवालदार जागीच गेला. अहवालात सज्ज्याबद्दल चकार शब्द नव्हता.

"मी लिहिलं होतं! पण फाईलमधले जुने बदल सॉफ्टवेअरने बाहेर काढले, तर पुसणाऱ्याच्या जागी माझंच नाव. आणि कंपनी माझ्या सख्ख्या मामांची. घरात कुणी तोंड उघडत नाही."

जिच्या दारात ती उभी होती, त्या वहिनी खाजगी तपास करत. सोबतीला त्यांचे धाकटे दीर, भावोजी. माणूस सोन्यासारखा, पण डोक्याला ताण देणं त्यांना साफ नामंजूर.

मामांच्या ऑफिसात दोघांचं स्वागत टायपिस्टने केलं, म्हणजे खुर्ची पायाने दूर सारली.

"नाव तिचंच आहे ना? मग कसला तपास?"

"हे नाव येतं कुठून?" वहिनींनी विचारलं.

"मशीनमध्ये टाकावं लागतं. जे टाकाल ते उमटतं. पण माझ्याकडे बघू नका हां! ती लिहिते, मी समास लावतो आणि फाईल साहेबांकडे धाडतो. माझं काम संपलं."

"तिच्याशी तुमचं पटत नाही?"

"साहेबांची भाची! काल आली आणि मला शिकवते. कशाला पटेल?"

वहिनींनी आपलं सॉफ्टवेअर त्या फाईलवर चालवलं. कंपनीने चौकशीसाठी काढलेल्या प्रिंटमध्ये फक्त पुसलेला मजकूर आणि भाचीचं नाव होतं. इथे प्रत्येकाचे बदल वेगळ्या रंगात आले. भाचीच्या नावाचे लाल, साहेबांचे निळे.

भावोजी वाचू लागले, "'सज्ज्याच्या मुळाशी अर्धा इंच भेग, ताबडतोब टेकू द्यावा.' सगळ्यावर लाल काट, 'अर्धा इंच'वर मात्र निळी. त्याच्यापुढे निळ्या अक्षरांत काहीतरी आहे बुवा. 'बारा मिलिमीटर.' त्याच्यावरही लाल काट. स्क्रीन खराब दिसतोय."

"डोळे शाबूत आहेत, भावोजी. पुढे चला."

साहेब केबिनमध्ये तडकून उठले. "दहा मिनिटं देतो. मग बाहेर."

"ती ओळ तुम्ही वाचली होती?"

"माझ्यापर्यंत आलीच नाही! आली असती तर सोडली असती का?"

"तुम्ही वाचल्यावर फाईल कुणाकडे जाते?"

"कुणाकडेही नाही. मी वाचतो, मीच रवाना करतो. माझ्या मशीनला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही. इथले गाढव अजून इंचात मापं लिहितात. प्रत्येक अहवालात तेच निस्तरत बसतो."

"आणि ही त्यातली सर्वांत मोठी गाढव," असं म्हणून त्यांनी दारात उभ्या भाचीकडे बोट केलं. तिचा चेहरा पडला.

"भावोजी, तिला आत घ्या आणि दार लावा," वहिनी म्हणाल्या. "साहेब, तिने 'अर्धा इंच' लिहिलं. त्याचं 'बारा मिलिमीटर' तुमच्या नावाने झालंय. पुसलेल्या ओळीत कुणी माप सुधारत नाही. म्हणजे तुम्ही वाचलीत तेव्हा ओळ जिवंत होती. टायपिस्टचं काम त्याआधीच संपलं होतं. तुमच्यानंतर फाईलला कुणी शिवत नाही, हे तुम्हीच सांगितलंत. मग ओळ कुणी मारली?"

"नाव तिचं आहे!"

"टाकाल ते नाव उमटतं. ते तुम्ही बदललंत, पण आधी हाताच्या सवयीने इंच खोडून बसला होतात. तो निळा शब्द काटेखाली तसाच राहिला."

"अरेच्चा!" भावोजी म्हणाले. "म्हणजे स्क्रीन ठीक आहे."

साहेब मटकन बसले. आवाज एकदम गोड झाला. "बाळ, दवाखान्याच्या मालकाची अजून चार कामं आपल्याकडे यायची होती. टेकू लावला असता तर दवाखाना बंद ठेवावा लागला असता. तू तरुण आहेस, दोन-चार वर्षांत सुटशील. माझं वय बघ. तुझ्या आईला काय वाटेल, तिचा एकुलता एक भाऊ!"

भाचीने कपाळावरचा घाम पुसला. मग त्यांच्यासमोरच फोन लावला.

"आई, मामांसाठी वकील बघ," ती म्हणाली. "नाही, मला नको. चांगला बघ, कारण उद्या त्यांच्याविरुद्ध साक्ष मी देणार आहे."