सेव्ह न केलेलं

"एवढा कापूस तर जिनिंगमधीबी नाई सापडत," टेबलाखाली डोकं घालून बसलेला संघदीप स्वतःशीच पुटपुटला. "पंखा हाय का गादी, समजूनच नाई राह्यलं."

ममता त्याच्या कानापासून हातभर अंतरावर स्टुलावर बसली होती. तिनं ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं. मारेगावात वणी रोडवर घर असलं की धूळ आणि कापसाचं तूस यांना दार कोण लावणार? जुना कम्प्युटर काम करता करता मध्येच काळा पडायचा आणि मग मनात आलं तर उठायचा. या वयात तिचंही तेच चाललं होतं, म्हणून तिला त्याचा राग येत नव्हता. पण चौदा एप्रिल जवळ आला होता, आणि ज्यांची बॅनरं करायची त्यांना काळ्या पडद्याची कारणं सांगून भागणार नव्हतं.

घराच्या पुढच्या खोलीतलं हे दुकान तिच्या नवऱ्याचं, अश्वजितचं. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फलक, जयंतीची बॅनरं. ममता हे काम कुठं शिकली नव्हती. कणकेचे हात घेऊन त्याच्या मागं उभं राहून पाहिलं, तेवढीच तिची शाळा. गेल्या एप्रिलपासून दुकान तीच चालवत होती. वणीत कम्प्युटर दुरुस्त करणारा संघदीप अश्वजितचा शाळेपासूनचा दोस्त, म्हणून नवा कम्प्युटर बसवायला तो स्वतः आला होता.

"वहिनी, फायली तेवढ्या घेऊ का सेटिंगबी?"

"सेटिंग म्हंजे?"

"म्हंजे मागं फोटो कोणता, काय कुठं ठेवलं, माऊस कसा चालते..." तो टेबलाखालून बाहेर आला आणि त्यानं हात पँटला पुसले. "आन् यात नावं दोन हायेत ना. एक तुमचं. एक..."

पडद्यावर दोन गोल शेजारी शेजारी होते. ममता. अश्वजित. दुसऱ्याचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नव्हता, त्यामुळे वर्षभरात तो उघडला नव्हता.

"ते घ्याचं, का राहू द्याचं?"

आतल्या खोलीत सासूबाई, इंदूबाई, तूर पाखडत होत्या. सुपाचा आवाज थांबला.

"सगळं घ्या भाऊ," ममता म्हणाली. "होतं तसं."

"मंग डिस्कच उतरवतो. जशीच्या तशी."

सूप पुन्हा वाजू लागलं. पडद्यावर हिरवी पट्टी दुपारभर सरकत राहिली. कूलरच्या ओल्या गवताचा वास खोलीत भरला होता. ममताला तेवढ्यात बसल्या बसल्या डुलकी लागली, आणि जागी झाली तेव्हा जुनं मशीन बंद होतं, नवं चालू होतं, आणि दोन्ही गोल नव्या काचेवर आधीपेक्षा जास्त ठळक दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माऊसचं बटण दाबलं तर भलतंच झालं. उजवं दाबलं की डाव्याचं काम, डावं दाबलं की उजव्याचं. अश्वजित डावखुरा होता. त्याचा माऊस असाच उलटा चालायचा.

तिनं संघदीपला फोन लावला.

"सरमिसळ झाली असंन," तो म्हणाला. "उतरवताना त्याची सेटिंग तुमच्यात आली." बदलायचं कसं ते त्यानं फोनवर सांगितलं. तिनं बदललं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा उलटं होतं, आणि माऊस कीबोर्डच्या डाव्या बाजूला ठेवलेला होता.

"आई, टेबल तुम्ही पुसला का?"

"मी कायले हात लावू बाई तुह्या मशीनले?" इंदूबाई आतून म्हणाल्या. "शॉक देते ते."

ममतानं माऊस उजवीकडं घेतला. कोणाशी वाद घालायचा जीव तिच्यात राहिला नव्हता, वस्तूंशी तर नाहीच. त्यानंतर रोज सकाळी ती माऊस उजवीकडं घ्यायची, जशी रोज सकाळी अंगणातली पानं झाडायची.

एके दिवशी फायलींच्या ढिगात तिला एक बॅनर सापडलं. गेल्या वर्षीच्या जयंतीचं, अर्धवट. ते पाहून तिच्या हातातला चहा थंड झाला. हे बॅनर असायलाच नको होतं. ते करता करताच अश्वजितच्या छातीत कळ आली होती. चार माणसांनी त्याला उचलून ऑटोत घातलं तेव्हा ऑटोचा दांडा धरून तो तिला म्हणाला होता, "बंद नोको करू. सेव्ह नाई केलं. आलोच मी." ती हो म्हणाली होती. संध्याकाळी लाईन गेली आणि कम्प्युटर आपोआप बंद पडला. तोवर बाकीचंही सगळं होऊन गेलं होतं.

"मशीन मधीमधी लपवून एखादी कॉपी ठेवते, वहिनी," संघदीप म्हणाला. "डिस्क उतरवली की असं जुनं वर येते." त्याच्याजवळ प्रत्येक गोष्टीला कारण होतं, आणि तिला ते बरं वाटायचं.

पण बॅनर पुढं सरकत होतं. काल निळी किनार नव्हती, आज होती. परवा वाकडी असलेली अक्षरं सरळ झाली होती. आपणच केलं असेल, असं ती स्वतःला सांगायची. दिवसाला एवढी कामं, भाकरी भाजली की नाही तेही आठवत नाही, तर किनार कशी आठवणार?

जयंती समितीचे अध्यक्ष देवराव बॅनरची ऑर्डर द्यायला आले. वर्षभरात आलेलं हे पहिलं मोठं काम. समितीनं ते वणीला दिलं असतं तर दुकान उघडं ठेवण्यात अर्थ नव्हता.

"गेल्या वर्षीचंच धर, सूनबाई. तारीख बदलव." मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आन् ते खालचे गोल फोटो..."

बॅनरच्या तळाशी शुभेच्छुकांच्या गोल फोटोंची रांग असायची. समितीची माणसं, महिला मंडळाच्या बाया आणि शेवटी बॅनर करणारा अश्वजित. दर वर्षी या बॅनरचं त्याचं पहिलं काम ठरलेलं होतं. देवराव समोर बसायचे, अश्वजित जुनं बॅनर उघडायचा, माऊसचा बाण रांगेवर न्यायचा आणि विचारायचा, "काका, यंदा कोण कोण गेलं?" देवराव नाव घ्यायचे की तो गोल पुसायचा. मग पुढच्या गोलावर जाऊन थांबायचा. "आणखी?"

"गोल फोटोंचं काय करू, काका?" ममतानं विचारलं.

देवरावांनी फोन काढून त्यात पाहिलं. फोन वाजला नव्हता.

"तू पाह्य कसं ते. तुले समजते." चहा तसाच टाकून ते उठले. "उद्या दुपारी फाइल फ्लेक्सवाल्याकडं गेली पाह्यजे बरं. मंग तो ऐकत नाई."

गेलं वर्ष असंच गेलं होतं. पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेले लोक 'आपल्यात नाहीत' म्हणाले. शेजारणी 'तवापासून' म्हणायच्या. संघदीप 'ते झालं त्या दिवशी' म्हणायचा. इंदूबाईंसमोर तर कोणी नावच काढायचं नाही. आणि ममता 'हे गेल्यावर' म्हणायची, कामानं पांढरकवड्याला गेले म्हणतात तसं. सरळ शब्द त्या घरात कोणी उच्चारला नव्हता.

त्या दुपारी तिनं त्या सापडलेल्या बॅनरवर डोळे मिटून रांगेतला शेवटचा, अश्वजितचा गोल पुसला. सेव्ह केलं. तोंडावर पाणी मारून आली.

गोल परत होता. रांगेत, केसाचाही फरक नाही. एवढं सरळ लावायला तिला कधीच जमलं नव्हतं.

तिनं पुन्हा पुसला नाही. दिवेलागणीला तिला वाटलं, आजचं पुरे, उद्या सकाळी काय ते. तिनं कम्प्युटर बंद करायला घेतला. पडद्यावर निळी पाटी आली. इंग्रजी तिला अक्षर लावून वाचावं लागायचं. तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. मग संघदीपला फोन लावला.

"त्याचं नाव चालू असंन मागून," तो म्हणाला. "'तरी बंद कर' असं बटण असंन, ते दाबा. काही होत नाई."

"चालू कसं राह्यलं, भाऊ? पासवर्ड टाकल्याबिगर चालू होते का?"



"वहिनी... काढून टाकू का ते अकाउंट? कायमचं?"

त्याच्याजवळची कारणं संपली होती. तिनं फोन ठेवला.

इंदूबाई दारात उभ्या होत्या. हातात वातीचा डबा.

"काय म्हणते ते?"

"काही नाई, आई."

"वाच."

ममतानं बोट ठेवून एकेका शब्दाचा अर्थ लावला. "म्हणते... अजून कोणीतरी काम करून राह्यलं. आता बंद केलं, तर त्याचं सेव्ह न केलेलं काम जाईन."

कूलरचं पाणी ठिबकत होतं.

"बंद नोको करू," इंदूबाई म्हणाल्या.

ममतानं पाटी मिटवली. पाटीमागं बॅनर तसंच उघडं होतं. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले.

बाण हलला.

किनारीपासून हळूहळू खाली आला आणि रांगेच्या सुरुवातीला थांबला. थकलेल्या माणसासारखा. ममताला हा थांबा ओळखीचा होता. समोरून कोणी नाव घेईपर्यंतचा थांबा.

ती बोलणार होती. पण तिनं वळून सासूबाईंकडं पाहिलं.

इंदूबाईंनी डबा खाली ठेवला. अश्वजितच्या खुर्चीच्या पाठीमागं जाऊन उभ्या राहिल्या. त्या रिकाम्या खुर्चीवर वर्षभर कोणी बसलं नव्हतं; ममताही स्टुलावरच बसायची. त्यांनी पाठीवर हात ठेवला, तान्ह्या लेकराला थोपटतात तेवढाच हलका.

"बाबू," त्या म्हणाल्या. "तुले कोणी सांगतलंच नाई ना रे."

बाण जागीच होता.

"ऑटोतच, बाबू. करंजीच्या अलीकडं. दवाखान्यापोत पोचलाच नाई तू." त्यांचा हात खुर्चीवरच होता. "मेला तू, अश्वजित. वर्ष झालं."

 

बाण रांगेवरून सरकत गेला. शेवटच्या गोलावर आला. बराच वेळ तिथं राहिला.

गोल पुसला गेला.

मग बाण एक घर मागं आला, शेजारच्या चेहऱ्यावर थांबला, आणि वाट पाहू लागला.

"आणखी कोणी नाई," इंदूबाई म्हणाल्या. "यंदा तू एकटाच, बाबू."