पोकळ दगडातले दात

पोत्याची गाठ सुटली आणि सूर्यभानच्या तोंडचं पाणी पळालं. विहीर खणताना निघालेला पोकळ दगड जागेवर होता, पण त्याच्या आतले बोटाबोटाएवढे पांढरे स्फटिक गायब. उरली होती नुसती बारीक गारांची, गारगोटीच्या खड्यांची, जांभळट कड.

संगमनेरहून कॉलेजचे सर आजच तो बघायला येणार होते. सूर्यभानला चोर शोधायला लांब जावं लागलं नाही. दगड खणून काढला विहिरीवरच्या मजुरानं, सहादेवनं; पोतं ठेवलेल्या खोलीत पहारी ठेवायला जायचा तोही सहादेवच. गावची पोलीस पाटील पंकजा धावत आली. फाट्यावरून ऊसतोडीला निघालेल्या जीपमधून तिनं सहादेवचं बोचकं उतरवलं आणि सगळ्यांदेखत उपसलं. लुगडी, तवा, भाकरी. स्फटिक नव्हते.

टोळीचा मुकादम मात्र म्हणाला, नाव निघालेला माणूस टोळीत नको. सहादेव आणि त्याची बायको राहीबाई यांना तिथंच सोडून जीप गेली. साऱ्या हंगामाची भाकर गेली. पंकजाच्या जिवाला ते लागलं. दगड बघायचा सोडून आपण आधी माणूस धरला, हे तिला कळून चुकलं.

ती सूर्यभानच्या घरी परत आली. कॉलेजात भूशास्त्र शिकलेली ती, पण डोकं आता चाललं. पोकळीत बोट फिरवलं, तर कुठं तुटका बुंधा नाही, खाली चुरा नाही. हात धुवायला मोरीवर गेली, तर काळ्या शहाबादी फरशीवर पांढरा, खरखरीत पट्टा. शेजारी फरशी धुवायच्या अॅसिडच्या रिकाम्या बाटल्या.

तिनं सूर्यभानच्या आईला, दगडाबाईला गाठलं.

“मावशी, दसरा कधी काढला?”

“घट बसायच्या आदी. गोधड्या, भांडी, समदं धुतलं.”

“पोत्यातलंही?”

दगडाबाईनं मोरीकडं बघितलं.

पंकजानं सूर्यभानला हाक मारली. “चोरी झालीच नाही. लाव्हा थिजताना त्यात बुडबुडा अडकला, त्याची ही पोकळी. पाणी झिरपत राहिलं, भिंतीवर आधी गारा धरल्या, मग त्यांच्यावर चुन्याचे ते पांढरे दात वाढले. उपटले असते तर बुंधे राहिले असते. अॅसिड चुन्याला खातं, गारेला नाही. शहाबादीही चुन्याचीच, म्हणून ती पण खाल्ली गेली.”

“माती लई हुती,” दगडाबाई म्हणाली. “देवाम्होरं ठिवायचा म्हनून घासला. फसफसलं. म्हनलं मळ निगतोय, आजून वतलं. मग सूर्यभानच्या रागाला भ्याले, परत पोत्यात बांधला.”

पंकजानं मुकादमाला फोन लावला. तो म्हणाला, वाटेत दुसरी जोडी घेतली. मग ती दगडाबाईला घेऊन फाट्यावर बसलेल्या नवरा-बायकोकडं गेली. दोघींनी आपापली चूक कबूल केली.

सहादेवनं ऐकून घेतलं. “झडती समद्या गावानं बगितली,” तो म्हणाला. “खरं मातुर आमी दोगंच ऐकतोय.”

दगडाबाई उठली आणि पारावर बसलेल्या माणसांकडं चालू लागली. पंकजाही मागोमाग निघाली. तिलाही तिथंच बोलायचं होतं.