बाजाराच्या दिवशी मुकं होणारं यंत्र

"उद्या येऊ नका. उद्या आलात तर ते चालू झालेलं असंल. आत्ताच निघा."

फोन इंदापुरातल्या एसटीडी बूथवरून आला होता. बोलत होती स्वरूपा, तिथल्या ग्राहक भांडारात काउंटरवर बसणारी. बारामतीच्या आपल्या दुकानात कुंडलिकने हातातलं काम खाली ठेवलं. बापाने जन्मभर मेंढरं राखली आणि पोराने आधी रेडिओ, मग टीव्ही आणि आता, १९९८ साली, कॉम्प्युटर दुरुस्त करायला घेतले होते. भांडारातला कॉम्प्युटर आणि बारकोड वाचणारा स्कॅनर त्यानेच बसवून दिला होता.

बिघाड मोठा चमत्कारिक होता. गेले दोन आठवडे, नेमक्या बाजाराच्या दिवशी, सकाळीच स्कॅनर मुका व्हायचा. लाल उजेड पडायचा, टिक असा आवाज यायचा, पण पडद्यावर मालाचं नाव काही उमटायचं नाही. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी कुंडलिक पोचला आणि दोन्ही वेळा ते यंत्र सुतासारखं सरळ. भांडाराचे चेअरमन विजयसिंह आबा यांनी मग स्वतःच निकाल लावला होता. यंत्र चांगलं आहे, बाईच काहीतरी करते.

"संध्याकाळपतूर कारण सापडलं न्हाय तर मला घरी बसवणारेत," स्वरूपा म्हणाली.

पोलिओने तिचा डावा पाय लहानपणीच निकामी केला होता. तिच्या गावी, अंथुर्ण्याच्या शिवारात, खुरपणीला तिला कुणी बोलावत नव्हतं, आणि घरात वहिनी तिच्या ताटाकडे बघून उसासे टाकायची. बसून करायचं, मानाचं असं काम तिला उभ्या आयुष्यात हे एकच मिळालं होतं. कुंडलिकला हे ठाऊक होतं. त्याने दुकानातला दुसरा स्कॅनर आणि माहितीपुस्तिका पिशवीत टाकली आणि मोटारसायकलला किक मारली.

बाराच्या सुमारास तो पोचला तेव्हा भांडारात पाय ठेवायला जागा नव्हती. स्वरूपा एकेका वस्तूचा तेरा आकडी नंबर हाताने टाइप करत होती आणि रांग दारापर्यंत गेली होती. दत्तोबा पुडे बांधत होते. पंचवीस वर्षं भाव तोंडपाठ सांगणारा हा म्हातारा स्कॅनरला टिटवी म्हणायचा. आज टिटवी गप्प होती आणि दत्तोबांच्या चेहऱ्यावर समाधान लपत नव्हतं.

कुंडलिकने कुणाशी न बोलता कामाला सुरुवात केली. कीबोर्ड चालत होता. वायर धड होती. मग त्याने मुका स्कॅनर काढून आपल्या पिशवीतला जोडला आणि साबणाची वडी समोर धरली. पडद्यावर साबणाचं नाव आलं. म्हणजे कॉम्प्युटर निर्दोष, त्यातला बिलाचा प्रोग्रॅम निर्दोष. खोट त्या स्कॅनरमध्ये होती, आणि तोही टिक करत होता म्हणजे वाचत होता. वाचलेलं कॉम्प्युटरला सांगत मात्र नव्हता.

त्याने भांडाराची पुस्तिका मागितली. स्कॅनर कुठल्या यंत्राशी बोलणार हे ठरवायला तिच्यात वेगवेगळे बारकोड छापलेले असतात. हवा तो त्याच्यासमोर धरला की झालं, तीनदा वाजतं आणि सेटिंग बदलतं. सतराव्या पानावर कुंडलिकचा हात थांबला. ब्लेडने अगदी सफाईने कापलेल्या दोन चौकटी होत्या. त्याने पिशवीतल्या आपल्या पुस्तिकेत तेच पान उघडून पाहिलं. एक होती कॉम्प्युटरशी बोलणं तोडणारी आणि दुसरी पुन्हा जोडणारी.

हा बिघाड नव्हता, कुणाचा तरी उद्योग होता.

त्याने पुस्तिका मिटली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं एवढंच विचारलं की पुस्तकाचं एक पान खराब झालंय, ते कुणी हाताळलं का? दत्तोबांनी इंग्रजी पुस्तकाला आपण हात लावत नाही असं ठणकावलं. गोदाम सांभाळणारे सर्जेराव हिशोबाची वही काखेत धरून पुढे आले. ते एरवी मोठे मायाळू होते, स्वरूपाला रोज चहा पाजायचे.

"मला तर त्यातलं एक अक्षर वाचता येत न्हाय," ते म्हणाले. "आन् दोन पट्ट्या गेल्या म्हणून येवढं यंत्र थोडंच बंद पडतंय? बाईलाच जमत न्हाय, त्याला काय करायचं. शिकलेलं माणूस पायजे हितं."

कुंडलिकने मान हलवली आणि स्वरूपाला बाजूला घेतलं.

"सकाळपासून काय काय केलंस? क्रमानं सांग."

"कुलूप दत्तोबांनी काढलं. कॉम्प्युटर लावला. भवानी केली. मग पैलं गिऱ्हाईक आलं, तवाच बंद."

"भवानीला कुणी काय घेतलं?"

ती जरा ओशाळली. बाजाराच्या दिवशी पहिली विक्री देवाची, अशी तिथली रीत होती. देव्हाऱ्यातली कापराची पुडी काउंटरवरून फिरवायची आणि परत देवापुढे ठेवायची. यंत्र आल्यापासून आबांच्या हुकमाने ती पुडी यंत्रालाही दाखवत होते.

"किती वेळा वाजतं, पुडी दाखवल्यावर?"

"तीनदा. आमाला वाटलं, देवाची हाय म्हणून..."

कुंडलिक चप्पल काढून देव्हाऱ्यापाशी गेला. पुडीच्या तळाशी मूळ बारकोडवर दुसरी पट्टी चिकटवलेली होती. गेल्या दोन खेपांना त्याने भांडारातला निम्मा माल स्कॅनरपुढे धरून पाहिला असेल, पण ही पुडी माल नव्हतीच, म्हणून ती ना त्याला कुणी दिली, ना त्याने मागितली. स्वतःवर तो मनातल्या मनात चडफडला.

तोवर आबा आले. त्यांनी पट्टी पाहिली आणि स्वरूपाकडे वळले.

"पुडी तूच दाखवत होतीस ना?"

कुंडलिक मध्ये आला आणि त्याने गोदामाच्या खोलीत आबा, स्वरूपा, दत्तोबा आणि सर्जेराव या चौघांनाच बोलावून दार लोटून घेतलं.

"पुडी हिनंच दाखवली आबा, पर न कळता. ज्यानं पट्टी लावली त्याला दोन कामं होती. सकाळी यंत्र बंद पाडायचं आणि मी यायच्या आत परत चालू करायचं. बिघाड सापडलाच न्हाय की आळ हिच्यावर. चालू करायचं काम भांडार बंद होताना व्हायचं, सातला. ही पाचच्या एसटीनं अंथुर्ण्याला जाते. सातला हितं कोण असतं?"

"आमी दोघं," दत्तोबा म्हणाले आणि सर्जेरावांकडे बघायचं त्यांनी टाळलं.

"दत्तोबांना यंत्र नको होतं, मला आधी त्यांचाच संशय आला. पर त्यांना यंत्र कायमचं बंद पाडून पायजे होतं. संध्याकाळी ते चालू कशाला करतील? हे ज्यानं केलं त्याला यंत्र ठेवायचं होतं आणि बाई घालवायची होती." कुंडलिकने पुस्तिका उघडून सतरावं पान समोर धरलं. "मी म्हणलं, पान खराब झालंय. सर्जेराव म्हणले, दोन पट्ट्या गेल्या. पुस्तक मिटलेलं होतं. दोन आणि पट्ट्या, हे कापणाऱ्याशिवाय कुणाला ठाऊक?"

सर्जेराव हसले. "बोलता बोलता गेलं तोंडातून. ह्यो पुरावा व्हय?"

"न्हाय. पुरावा तुमच्याजवळ हाय. आज संध्याकाळी दुसरी पट्टी लागणार, म्हणजे ती आता त्या माणसाच्या अंगावर असणार. तुमी काखेतनं न सोडलेली ती वही आबांकडं द्या."

सर्जेरावांनी वही छातीशी धरली. आबांनी हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. शेवटी वही आली. पुठ्ठ्याच्या कव्हरात खुपसलेली काळ्या-पांढऱ्या रेघांची पट्टी कुंडलिकने सतराव्या पानावरच्या कापलेल्या चौकटीत ठेवली. कडा तंतोतंत बसल्या.

मग सर्जेराव खाली बसले. त्यांची सून वैष्णवी बारामतीला कॉम्प्युटरचा कोर्स करून आली होती. लग्नात नोकरी लावून देतो असा शब्द त्यांनी तिच्या बापाला दिला होता, आणि भांडारात जागा एकच होती. पुस्तक घरी नेऊन त्यांनी तिच्याकडून वाचून घेतलं होतं. सासऱ्यांना या वयात शिकायची हौस म्हणून ती बिचारी खूश झाली होती, बाकी तिला काही माहीत नव्हतं.

आबांनी सर्जेरावांकडून गोदामाच्या किल्ल्या घेतल्या. मग घसा खाकरून ते स्वरूपाला म्हणाले, झालं गेलं विसरून जा, काउंटरवर बस.

ती हलली नाही. तिला राग आला होता आणि पहिल्यांदाच तो तिने चेहऱ्यावर येऊ दिला.

"गेल्या बाजारी तुमी मला भरल्या रांगेत बोलला, आबा. अंथुर्ण्यापतूर गेलं ते. आता हितं बंद खोलीत विसर म्हणताय. आज बी बाजारच हाय."

दत्तोबांनी पुढे होऊन दार उघडलं. बाहेर रांग तशीच उभी होती.

आबा जागेवर थोडा वेळ घुटमळले. मग डोक्यावरची टोपी सारखी करून ते बाहेर काउंटरपाशी गेले, आणि मंडळी, जरा ऐका, असं म्हणून त्यांनी स्वरूपाचं पूर्ण नाव घेतलं आणि चूक तिची नव्हती, हे सांगायला सुरुवात केली.