शालूची मशीन

वैशाखातल्या दुपारी बडनेऱ्याच्या गल्ल्यांत कुत्रंसुद्धा फिरकत नाही. अशाच एका दुपारी मंजुषा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मोरीतल्या जुन्या वॉशिंग मशीनपुढे बसली. मशीन नुसतीच गुरगुरायची, फिरायची नाही.

ती घेतली होती शालूनं, मंजुषाच्या नवऱ्याच्या, देवानंदच्या पहिल्या बायकोनं. शालू तापानं गेली, पुढं मंजुषा या घरात आली. सासू कौशल्याबाई मशीनला कुणाला हात लावू देत नसत. शालूचा जीव तिच्यात अडकलाय, म्हणायच्या. दुरुस्तीवाला आला तो काम अर्धं टाकून निघून गेला. पुन्हा फोनच उचलला नाही. देवानंदनं ती भंगारात काढायचं ठरवलं, तर कौशल्याबाई जेवल्या नाहीत. मंजुषानं मात्र पदर खोचला. लग्नाआधी ती नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात होती. यंत्राला भिणं तिला माहीत नव्हतं.

तिनं प्लग काढला, टबाच्या तळाची चकती खोलली. आधी सडक्या पाण्याचा वास आला, आणि त्यामागून मोगऱ्याच्या तेलाचा. चकतीखाली केसांचा गुंता होता. लांब, काळेभोर केस. ओढून काढायला तिनं हात आत घातला, आणि गुंत्यानंच तिचं मनगट धरलं.

सावकाश... वेढ्यावर वेढा आवळत.

दारातून सासूबाई कुजबुजल्या, "सोड पोरी... तिले नाही आवडत."

मंजुषाच्या पाठीवरून गार घाम ओघळला. पण तिनं हात मागे घेतला नाही. त्या काळ्या भोकाकडे पाहत ती हळूच म्हणाली, "शालूताई, मशीन तुमची हाय, कबूल. पण आता या घरात मी बी राह्यते... कपडे धुतल्याबिगर मी उठणार नाही."

वेढा थांबला. मग सैल पडला.

तिनं गुंता उपटून फेकला, चकती बसवली, कपडे टाकले, प्लग लावला. मशीन सुरळीत फिरली.

अंगणात कपडे वाळत घालताना बादलीतून एक हिरवा ब्लाउज निघाला. तिनं तो टाकलाच नव्हता. कौशल्याबाईंनी पाहिलं आणि त्या भिंतीला टेकल्या.

"हा अंगावर होता तिच्या... तिले मसणात नेलं तवा."

मंजुषानं ब्लाउज झटकला, तारेवर टाकला आणि चिमटा लावला.

त्या उन्हात बाकीचे कपडे बघता बघता खडखडीत वाळले. ब्लाउज दिवस मावळेपर्यंत ठिबकत होता. खालची फरशी मात्र कोरडीच होती.