पाठमोरा बंदोबस्त

…आणि नेमकं तेव्हाच तिला हसू फुटलं.

मूक मोर्चात हसायचं नसतं. बोलायचंही नसतं. पाच मुली कलेक्टरसाहेबांना निवेदन देऊन बाहेर येईपर्यंत सगळ्यांनी ओठ मिटून चालायचं, असं मोर्चा काढणाऱ्या शारदाताईंनी बजावलं होतं. निशिगंधाच्या वाट्याला मोर्चाचं शेपूट आलं होतं. हातात पोतं घ्यायचं आणि रिकामी पाण्याची पाउचं, चहाचे कप उचलत मागून यायचं. पोरं आली अन् घाण करून गेली, असं उद्या बुलढाण्यात कुणी म्हणायला नको.

मोर्चाच्या शेपटाला पोलीसही असतो. हा उंच होता, रेनकोट विसरलेला. बारीक भुरभुर चालू होती. त्यानं लाठीच्या टोकानं एक कप उचलला, नेम धरून तिच्या पोत्यात टाकला. मग दुसरा. मग बोलायलाच लागला.

"मॅडम, चिखलीच्या का?"

—

"बोलायची मनाई हाय, नाई का? मंग मानेनं सांगा."

मान हलली. थोडी. अगदी थोडी.

"बरं हाय हे. घरी बहीण मले एक शब्द बोलू देत नाई. आज आख्खा जिल्हा चूप, अन् मी एकटा बोलून राह्यलो."

तेव्हा फुटलं ते हसू. शारदाताईंनी मागं वळून पाहिलं, आणि निशिगंधानं घाईघाईनं पोत्यातच तोंड घातलं.

हसण्यासारखं खरं तर काहीच नव्हतं. त्या दिवसांत सगळा देश धुमसत होता. कुठल्या कुठल्या शहरांत माणसं रस्त्यावर उतरत होती, काचा फुटत होत्या, लाठ्या चालत होत्या. इथं एकही काच फोडायची नाही असं ठरलं होतं. मागणी एवढीच: ज्ञानेश्वरचा हात कुणी मोडला, ते सांगा.

ज्ञानेश्वर तिचा मावसभाऊ. कामासाठी जिल्ह्यातल्याच दुसऱ्या गावी गेला होता. मोटारसायकल चोरीच्या संशयावरून तिथल्या ठाण्यात त्याला रात्रभर ठेवलं आणि सकाळी मोडक्या हातानं सोडलं. न्हाणीत घसरून पडला, असं ठाण्यातल्या सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. कॅमेरा म्हणे बंद होता. चौकशी बसली, पण वकील म्हणाले, आतला एक माणूस बोलला तरच काही होईल.

एकच.

*

मग साखळी उपोषण. मंडपात रोज नव्या बाया बसायच्या. निशिगंधा मात्र रोज यायची. घरी सांगायची, ज्ञानूदादासाठी. खरंच होतं ते. पूर्ण खरं होतं का… ते जाऊ द्या.

बंदोबस्ताला तोच असायचा. नाव गोकुळ, हे त्यानं न विचारता सांगितलं. गाव हिवरा आश्रमाजवळ, हेही. आणि विवेकानंद जयंतीला तिथं शेतात पंगती कशा बसतात, ट्रॅक्टरमधून पुऱ्या अन् वांग्याची भाजी कशी वाढतात, हे तर त्यानं इतकं रंगवून सांगितलं की तिच्या पोटात कावळे ओरडले.

"उपाशी मानसापुढं वांग्याचं नाव काढता?" ती म्हणाली. "याचं निवेदन द्यावं लागन."

"द्या ना. पन पाच जनी नका येऊ. मी एकटीचंच घेतो."

ती मंडपाच्या दोरीशी उगाच खेळत राहिली.

एक गोष्ट मात्र तिला खटकायची. मंडपात ज्ञानेश्वरचा मोठा फोटो होता, गळ्यात हात अडकवलेला. बंदोबस्ताची माणसं मंडपाकडं तोंड करून बसतात. गोकुळची खुर्ची नेहमी रस्त्याकडं. एकदा तिनं थट्टेतच विचारलं, "आमच्याकडं पाठ काऊन करता हो?"

त्याला यावर काहीतरी सुचायला हवं होतं. रोज सुचायचं.

"त्या राती लॉकअपच्या पहाऱ्यावर मी होतो," तो म्हणाला.

तिनं मागं वळून फोटोकडं पाहिलं.

"मी नाई मारलं. थांबवलंबी नाई. दाराकडं तोंड करून उभा राह्यलो. घसरून पडला म्हनून सांगनाऱ्यांत मीबी हाय." मग हळूच, "तुमी म्हनता तं खरं बयान देतो. नोकरी गेली तं गेली. तुमी फक्त म्हना."

'द्या' एवढंच म्हणायचं होतं. तो एक माणूस समोर बसला होता, आणि तो तिच्याकडं असा पाहत होता की… पण उद्या समोरचा वकील म्हणेल, पोरीच्या नादी लागून फिरला. परवा कदाचित हा स्वतःच म्हणेल, तुझ्यापायी गेली नोकरी. आणि खरं बोलायला मुलगी कशाला लागावी? ज्ञानूदादाचं ओरडणं पुरेसं नव्हतं?

"मी नाई म्हननार," ती म्हणाली. "अन् चौकशी होईपर्यंत मले भेटू नका. तुमचं तुमी ठरवा."

"अन् मंग?"

"मंगचं मंग."

दुसऱ्या दिवसापासून खुर्चीत वेगळाच शिपाई आला. मंडपाकडं तोंड करून बसणारा, गुपचूप, सभ्य. नावं ठेवायला काही जागाच नव्हती त्याच्यात, म्हणून तिला त्याचा फार राग आला.

*

बातमी शारदाताईंनी आणली. एक शिपाई आपल्या पायानं चौकशी अधिकाऱ्यापुढं आला. आधीचं बयान खोटं होतं म्हणाला. मारणाऱ्याचं नाव घेतलं, गप्प उभ्या राहणाऱ्यांचीही घेतली, स्वतःचं पहिलं. संध्याकाळपर्यंत त्याला ठाण्यातून उचलून मुख्यालयाला जमा केलं होतं, बिनकामाचं नुसतं बसवून ठेवायला. खात्यात आता कुणी त्याच्याशी बोलत नाही.

निशिगंधानं ऐकून घेतलं. मग पोतं उचलून मंडपातले कप गोळा करायला लागली.

चौकशी संपल्यावरच्या पहिल्या रविवारी गोकुळ साध्या कपड्यांत चिखलीला आला. तिच्याकडं नाही, ज्ञानेश्वरकडं. मावशीच्या घरात ती नेमकी होतीच. ज्ञानेश्वर खाटेवर बसून न मिटणारी बोटं मिटायचा प्रयत्न करत होता.

"तवाच तोंड उघडलं असतं तं हात वाचला असता," तो म्हणाला.

"हो," गोकुळ म्हणाला.

ज्ञानेश्वरनं त्याला नीट निरखून पाहिलं. "माफ नाई केलं म्या," तो म्हणाला. "पन बस."

गोकुळ बसला. ज्ञानेश्वरच्या समोर, तोंड त्याच्याकडं करून. चहा झाला. निघताना तो निशिगंधाला काहीच म्हणाला नाही. म्हणायचा हक्क आपल्याला उरलाय की नाही, हे त्याला कळत नसावं. तीच चप्पल घालून बाहेर आली. भर दुपारी, भर रस्त्यानं त्याच्या शेजारून एसटी स्टँडकडं चालू लागली.

शेजारच्या ओट्यावर डाळ पाखडणाऱ्या पुष्पाबाईंचं सूप थांबलं.

"कोन व्हय गं हा?"

"गोकुळ. पोलीस हाय, काकू," निशिगंधा म्हणाली. "माझा हाय."

गोकुळच्या पावलांचा ताल चुकला. दोघं स्टँडवर पोचले तेव्हा बुलढाण्याची बस लागलेली होती, कंडक्टर आवाज देत होता… त्यांनी ती जाऊ दिली.