वरच्या मजल्यावरची पावलं

कुत्र्याचं पिल्लू जिन्यावरून गडगडत आलं ते थेट खालच्या व्हायोलिन-दुरुस्तीच्या दुकानात घुसलं. पाठोपाठ ती. चष्म्याच्या दुकानात नोकरी करणारी आणि धांदलीत स्वतःचाच चष्मा घरी विसरून आलेली.

"सॉरी हं... इकडे एक पिल्लू आलंय का?"

"तुमच्या पायाशीच आहे," व्हायोलिनवाला म्हणाला. "जरा जपून, शेपटी आहे तिथे."

ती वरमली. वर तिचं घर, खाली याचं दुकान असून दोघं बोलले होते ते एकदाच, तेही भांडायला. तिचा म्हातारा कुत्रा भोपळ्या शेवटी ठार बहिरा झाला होता. तो दचकू नये म्हणून घरात शिरताना ती दोनदा पाय आपटायची. जमिनीच्या हादऱ्याने त्याला कळायचं. खाली याच्या डोक्यावर धपधप. तो तणतणत वर गेला, कारण ऐकलं आणि मुकाट खाली आला.

पुढे भोपळ्या गेला. मग मावशीने तिला न विचारताच हे पिल्लू आणून सोडलं.

"नाव काय याचं?"

"ठेवलं नाही. उद्या मावशीकडे परत देणार आहे." "सगळं करते हो याचं, पण लळाच लागत नाही. भोपळ्याशी बेइमानी केल्यासारखं वाटतं."

त्याने हातातला ब्रश खाली ठेवला. "मग रोज संध्याकाळी पाय कुणासाठी आपटता?"

"मी? छे... भोपळ्या गेल्यापासून नाही."

"तो गेल्यावर वर चिडीचूप होतं. मला काम सुचेना. पण हा आल्यापासून पुन्हा सुरू झालंय."

"काहीतरीच. याला चांगलं ऐकू येतं."

"तेच तर म्हणतोय. घराची किल्ली द्या आणि इथेच बसा."

"पहिल्याच भेटीत किल्ली?"

"दुसऱ्या. पहिली भांडणात गेली."

तो वर गेला. ती त्याच्या स्टुलावर बसली, पिल्लू मांडीवर पेंगत होतं. छताला व्हायोलिनं टांगलेली होती.

धप्. धप्.

आणि डोक्यावरच्या तारा गुणगुणू लागल्या. कुणी हात लावला नव्हता तरी सगळ्या मिळून, अगदी हलक्या आवाजात... तिच्या अंगावर काटा आला. आपण घरी आलो की रोज इथे हे होतं?

पिल्लू खडबडून जागं झालं. त्याने वर पाहिलं नाही की दाराकडे पाहिलं नाही. ते तिच्याच तोंडाकडे बघत सगळं अंग हलवायला लागलं. त्या आवाजाचा त्याला एकच अर्थ ठाऊक होता, ही आली. तिला कळायच्या आधीच तिच्या पायांनी त्याला आपलं म्हटलं होतं. तिने त्याला घट्ट धरलं आणि मनसोक्त रडली.

तो परत आला, किंचित धापा टाकत.

"हे रोज ऐकता तुम्ही?"

"ऐकल्याशिवाय दुकान बंद करत नाही." त्याने कान खाजवला. "आधी तक्रार करायचो. आता... वाट बघतो."

त्याचा चेहरा तिला धूसर दिसत होता. "मला इथून नीट दिसत नाही तुम्ही."

"मग जवळ येऊ?"

तिने किल्लीसाठी हात पुढे केला. आणि किल्ली मिळाल्यावर तो लगेच मागेही घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मावशीला निरोप गेला, पिल्लू राहतंय. संध्याकाळी ती घरात शिरली आणि या खेपेला मुद्दाम, मनापासून दोनदा पाय आपटला. पिल्लू धावत येऊन पायात घोटाळलं. ती जरा थांबली... आणि तिसऱ्यांदा पाय आपटला.

खाली दुकानाचं दार ओढून घेतल्याचा आवाज आला. मग जिन्यावर पावलं वाजली.